पेढीवरून बालाघाटाकडे

नोकरदाराला निवृत्तीची तारीख असते. राज्य शासनाचा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी, बँकेतला अधिकारी साठाव्या वर्षी टेबल रिकामे करतो. त्या दिवशी हार, श्रीफळ आणि चार शब्दांचे भाषण होते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी उगवते. व्यापाऱ्याच्या आयुष्यात असा दिवस येत नाही. मुलगा प्रथम वसुलीला जाऊ लागतो, मग खरेदीला, मग संगणकावर हिशेब त्याच्याच हाती जातो. तिजोरीच्या किल्ल्या कोणत्या दिवशी या जानव्याच्या गाठीसारख्या कमरेवरून सुटल्या, हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. वडील मात्र नेहमीच्या वेळी गादीवर येऊन बसतात. गिऱ्हाईक त्यांना नमस्कार करते आणि भाव मुलाला विचारते.

बीड, गेवराई, माजलगाव, केज, धारूर, आष्टी, कडा अशा कोणत्याही पेठेत हे चित्र दिसते. पंचावन्न ते पासष्ट या वयातला, प्रकृतीने धडधाकट, बुद्धीने तल्लख असा माणूस दुकानात आहे, पण दुकानाला त्याची रोजची गरज उरलेली नाही. मग मुलाने दिलेल्या सवलतीवर टीका होते, सुनेने मागवलेल्या मालावर भाष्य होते आणि संध्याकाळी घरात अबोला असतो. दोष कोणाचाच नसतो. चाळीस वर्षे जे मन दर घटकेला काहीतरी मोजत होते, त्याला मोजायला दुसरे काही मिळालेले नसते.

छंद हा शब्द या पिढीला थोडा उथळ वाटतो. छंद लहान मुलांना किंवा श्रीमंतांना, अशी समजूत आहे. बीड जिल्ह्याचा भूगोल मात्र ही समजूत दूर करण्यास फार अनुकूल आहे. सुमारे १०,७०० चौरस किलोमीटरचा हा जिल्हा उत्तरेला गोदावरीच्या काठावर टेकलेला आहे आणि बालाघाटाची रांग त्याच्या अंगावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली आहे. डोंगराच्या वर पाटोदा, केज, अंबाजोगाई. खाली गेवराई, माजलगाव. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावून लातूर, बिदर आणि तेलंगणाचा मोठा वळसा घेत शेवटी गोदावरीलाच मिळते. बिंदुसरा बीड शहराच्या मधून वाहते. व्यापाऱ्याला ही सारी गावे पाठ असतात, पण ती उधारीच्या यादीने पाठ असतात. अमुक गावचा पाटील चोख, तमुक गावची वसुली दिवाळीनंतर. त्या गावाच्या पाठीमागे कोणता डोंगर आहे आणि ओढ्याकाठी कोणते पाखरू बसते, हे पाहायला चाळीस वर्षांत सवड मिळाली नाही.

आरंभ शहरापासूनच करता येतो. बीडच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि बांधणीचे श्रेय राजा भास्कर या स्थापत्यकाराला दिले जाते. विहिरीला तीन जलमार्ग आहेत. दोहोंतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून बाहेर पडून ते जमिनीला मिळते. दुष्काळातही पाण्याची पातळी ढळत नाही, अशी तिची ख्याती आहे. आवक, जावक आणि शिल्लक यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. तो काठावर उभा राहतो आणि त्याच्या लक्षात येते की ज्याने ही विहीर आखली त्यालाही ताळेबंद कळत होता.

शहरातच कंकालेश्वराचे मंदिर आहे. काळ्या पाषाणाचे हे प्राचीन देवालय जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे आणि त्याच्या भिंतींचे कोन तारकाकृती पद्धतीने दुमडत गेले आहेत. पाण्यात पडलेले त्याचे प्रतिबिंब पाहून पुष्कळजण छायाचित्र घेतात आणि निघून जातात. चित्रकलेची वही घेऊन जो तेथे तासभर बसतो, त्याला मात्र दगडाची एकेक घडी मोजावी लागते. चित्र वाईट आले तरी हरकत नसते. जी भिंत काढण्याचा प्रयत्न केला, ती भिंत कायमची ओळखीची होते. रवींद्रनाथ ठाकूर यांनी साठी उलटल्यानंतर गांभीर्याने चित्रे काढण्यास आरंभ केला आणि १९३० मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. ते महाकवी होते हे खरे. पण चित्रकलेच्या बाबतीत ते उशिरा आलेले विद्यार्थीच होते. कवितेच्या हस्तलिखितातील खोडाखोडीला आकार देता देता त्यांचा हात चित्राकडे वळला. खोडाखोड तर प्रत्येक कीर्दीत असते.

चित्राचा हात नसेल तर डोळा आहे. पक्षीनिरीक्षण हा छंद जैन कुटुंबाच्या दिनक्रमात जितक्या सहज बसतो, तितका क्वचितच दुसरा कोणता बसेल. यात काही धरायचे नसते, मारायचे नसते, तोडायचे नसते. केवळ पाहायचे असते. पक्ष्यांच्या हालचालीची उत्तम वेळ सूर्योदयानंतरची पहिली घटका-दोन घटका. नवकारसी पाळणाऱ्याला सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे मुखात काही घालायचे नसते. तीच ही वेळ. आणि चौविहार पाळणाऱ्याला सूर्यास्तापूर्वी घरी परतायचे असते, तर पक्षीही त्याच सुमारास आपल्या झाडाकडे निघालेले असतात. दोन दिनक्रम एकमेकांच्या आड येत नाहीत.

बीडपासून जवळच, पाटोदा तालुक्यात, नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे तीस चौरस किलोमीटरचे आहे. दाट अरण्याची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची येथे निराशा होते. हे कोरड्या प्रदेशाचे, झुडपांचे आणि उतारांचे रान आहे. धावडा, पळस, बोर, हिवर, बाभूळ आणि जागोजागी सीताफळ. बालाघाटाच्या या सीताफळाला बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मोर दिसण्याआधी त्याचा आवाज येतो आणि पुष्कळदा आवाजावरच समाधान मानावे लागते. पण मोराची वाट पाहत थांबलेल्या माणसाला इतर बरेच काही दिसते. तारेवर बसून एकाच जागी परत येणारा वेडा राघू, काट्यावर भक्ष्य टोचून ठेवणारा खाटीक, जमिनीतून उठून गात गात वर जाणारा चंडोल, हवेत एका ठिकाणी पंख फडफडवत थांबणारी कापशी घार.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. पक्ष्यांना दाणे घालण्याची परंपरा समाजात जुनी आहे आणि ती करुणेतून आलेली आहे. परंतु दाणा बहुतांशी कबुतर, चिमणी, पारवा यांच्यापर्यंत पोहोचतो. वेडा राघू कीटकांवर जगतो, धीवर मासळीवर, घार मांसावर. त्यांना मूठभर ज्वारीचा काही उपयोग नाही. त्यांना हवे असते ते मोकळे रान, ओढ्यातील पाणी आणि तोडले न गेलेले झाड. जीवदयेचा हा दुसरा अर्थ पुस्तकात वाचून तितकासा उमगत नाही. तो बांधावर उभे राहिल्यावर उमगतो. खाटकाला भक्ष्य टोचताना पाहून एखाद्याचे मन कळवळेल. तेही योग्यच आहे. निसर्गातील जीव आपल्या स्वभावाने जगतात आणि व्रत घेण्याची शक्ती मनुष्यालाच आहे, हा विचार तेथेच मनात रुजतो.

निरीक्षणाची साधने थोडी आहेत. एक साधारण दुर्बीण, उन्हाची टोपी, उकळून गार केलेले पाणी आणि एक वही. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे नाव, संख्या आणि शेरा. नाव ठाऊक नसेल तर रंग, आकार, चोच आणि चाल लिहून ठेवायची. हा रोजमेळच आहे. फरक इतकाच की येथे आकडा वाढवून लिहिण्यात कोणाचा फायदा नाही आणि कमी लिहिण्यात कोणाचा कर वाचत नाही. तीन हिवाळे ही वही नेमाने लिहिली तर तिला खरे मोल येते. अमुक तलावावर चक्रवाक कोणत्या आठवड्यात उतरले, भोरड्यांचे थवे शाळूच्या शेतावर कधी आले आणि कधी गेले, हे एका ठिकाणी सलग पाहिलेल्या माणसाखेरीज कोणीच सांगू शकत नाही. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश हाताशी असावा. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या चितमपल्लींनी रानातल्या माणसांच्या तोंडची नावे वर्षानुवर्षे टिपली आणि १९९० मध्ये सेवानिवृत्त झाल्यानंतरही लेखन अखंड चालू ठेवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा मोठा भाग नोकरीची घंटा थांबल्यानंतरचा आहे, हे साठीच्या उंबरठ्यावरील माणसाने ध्यानात घ्यावे.

बीड जिल्ह्यात फिरण्याचा प्रश्न निघाला की चातुर्मासाचा प्रश्न निघतोच. हा प्रदेश अवर्षणाचा. वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलीमीटरच्याही आत. जे काही हिरवे व्हायचे ते आषाढ ते आश्विन एवढ्याच काळात होते. पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी सौताडा येथे खोल दरीत झेपावते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. बीड शहराच्या दक्षिणेला डोंगरात कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा आहे. दोन्ही स्थळांचे वैभव पावसाळ्यातले. आणि नेमक्या याच चार महिन्यांत साधू-साध्वी एका स्थानी थांबतात, कारण ओल्या भूमीवर जीवोत्पत्ती उदंड असते. गृहस्थही आपल्या शक्तीनुसार या काळात प्रवासाची मर्यादा बांधून घेतात.

या पेचाचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या नियमानुसार द्यावे. ज्यांनी मर्यादा घेतली आहे त्यांनी तिला मुरड घालून धबधबा पाहण्याचे कारण नाही. पाणी पडत राहील. ज्यांनी घेतलेली नाही त्यांनीही रस्त्यावरून, पायऱ्यांवरून चालावे. कोवळ्या गवतात शिरून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. एरवी कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, मुनिजनांचा विहार पुन्हा सुरू होतो आणि बीड जिल्ह्यातील भटकंतीचा सर्वांत चांगला काळही त्याच दिवसापासून लागतो. हवा कोरडी व थंड होते, वाटा वाळतात, तलाव भरलेले असतात आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी त्यांवर स्थिरावलेले असतात. सिंदफणेवरील माजलगावचा जलाशय, बिंदुसरेचा तलाव, धनेगावचा मांजरा प्रकल्प, असा प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला पाण्याचा एक तरी विस्तार आला आहे. फाल्गुनात पळस फुलला की हा काळ संपत आला असे समजावे. चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या वर असतो. त्या दिवसांत साठीच्या माणसाने रानाचा हट्ट धरू नये.

ऊन वाढले की घरात बसून करण्याचे छंद हाती घ्यावेत आणि त्यांची वाट अंबाजोगाईवरून जाते. निजामी अमदानीत मोमिनाबाद नाव मिळालेले हे गाव मराठी अक्षरांचे जुने घर आहे. विवेकसिंधु लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी येथल्या डोंगराच्या कपारीत आहे. परंपरेनुसार या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मानला जातो. गावाच्या परिसरात हत्तीखाना या नावाने ओळखली जाणारी शैव लेणी आहेत आणि जैन लेण्यांचे अवशेषही आहेत. आणि येथेच दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातील या संतकवीने पंचीकरणाचा विषय समजावण्यासाठी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर अक्षरे आणि आकृत्या लिहिल्या. कागदाचे पान संपते म्हणून विचार तुटू नये, अशी जणू त्यांची इच्छा असावी. कापडाच्या व्यापारात जन्म गेलेल्या माणसाने ही पासोडी आवर्जून पाहावी. वाराच्या हिशेबाने मोजले जाणारे कापड असेही मोजले जाऊ शकते, हे त्याला अन्यत्र दिसणार नाही.

अक्षरावरून एका महत्त्वाच्या छंदाकडे येता येते. बीड जिल्ह्यातील जुन्या व्यापारी घरांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या असतात. कोणाच्या मोडीत, कोणाच्या महाजनी लिपीत. मोडी शाळांतून गेली त्याला आता दोन पिढ्या उलटल्या. आजोबांच्या हातची कीर्द नातवाला परकी झाली. घर बांधायला काढले की पहिली निकाल लावण्याची वस्तू म्हणजे या वह्या. काही वाळवी खाते, काही रद्दीत जातात.

वास्तविक त्यांत या जिल्ह्याचा असा इतिहास आहे जो सरकारी दप्तरात सापडत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. दरबारी कामकाज उर्दूत चाले. दुकानाचा हिशेब मात्र आपापल्या लिपीत. नोंदी हाली रुपयांत आहेत, कारण संस्थानाचे नाणे वेगळे होते. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये, मिळत. अहमदनगरच्या आडतीशी व्यवहार करताना हा फरक प्रत्येक हुंडीत धरावा लागे. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे या चलनाचे काम होते. तिच्याच वारसदार बँकेत पुढे जिल्ह्यातील कितीतरी पेढ्यांची खाती उघडली गेली. कोणत्या वर्षी ज्वारी कोणत्या भावाने गेली, दुष्काळात कोणाचे व्याज सोडले, कोणाच्या लग्नाला किती कापड उधार दिले, हे सारे त्या वह्यांत आहे. जो मोडी शिकेल त्यालाच ते वाचता येईल. आणि हिशेबाची भाषा ज्याला येते त्यालाच त्याचा अर्थ लागेल. नुसत्या विद्यापीठीय अभ्यासकाला ‘बाकी ओढणे’ म्हणजे काय ते पुस्तकातून शोधावे लागते. व्यापाऱ्याला ते बोटांत असते.

शासनाचे पुराभिलेख खाते मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालवते. वर्णमाला काही आठवड्यांत ओळखीची होते. सराईत वाचन यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. हे वय त्यासाठी उशिराचे नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १९२५ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी पेशवे दप्तरातील मोडी कागदांच्या प्रचंड साठ्यावर काम करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड सिद्ध केले. मराठ्यांचा तीन खंडांतील इंग्रजी इतिहास प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. एका घरातील दहा वह्या वाचणे हे त्या मानाने लहान काम आहे. परंतु त्या घरापुरते ते दुसरे कोणी करणार नाही.

व्यापाऱ्याच्या छंदातून काय उभे राहू शकते याचे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर केळकर यांचे चष्म्यांचे दुकान होते. अज्ञातवासी या नावाने ते कविता लिहीत. जुन्या वस्तू जमवण्याच्या नादातून ते खेडोपाडी फिरले. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, स्वयंपाकघरातील भांडी, दारांच्या चौकटी. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह राजा केळकर संग्रहालय म्हणून उभा केला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जमवलेले सर्व देऊन टाकणारा हा संग्राहक होता, हे या कथेतील सर्वांत शिकण्यासारखे.

कारण छंदाचाही परिग्रह होतो. एक कॅमेरा घेतला की दुसरी भिंग खुणावते, दुर्बिणीनंतर तिवई, तिवईनंतर गाडी. ज्याने परिग्रहाचे परिमाण बांधले आहे त्याने छंदाच्या साहित्यालाही त्याच यादीत धरावे. सुरुवातीला हातात असलेल्या वस्तूंवरच भागवावे आणि वर्षभर नियम टिकला तरच खर्च वाढवावा. दुकान टाकताना भांडवल आणि विक्री यांचा जो मेळ पाहिला जातो, तोच येथेही पाहावा.

या सर्व विचारात एक व्यक्ती सहज विसरली जाते. दुकानाच्या किल्ल्या सुटतात, स्वयंपाकघराच्या सुटत नाहीत. पतीने दुर्बीण घेऊन सहाला बाहेर पडायचे आणि पत्नीने पाचला उठून त्याचा डबा करायचा, अशा वाटणीला छंद म्हणणे कठीण आहे. वास्तविक रंग, आकार आणि सूक्ष्म फरक ओळखण्याचा तिचा सराव अधिक असतो. रांगोळी, भरतकाम, देरासरातील गहुली यांत तो हात वर्षानुवर्षे तयार झालेला असतो. कंकालेश्वराच्या काठावर चित्राची वही तिच्या हाती दिली तर निकाल वेगळा लागण्याचा संभव आहे. आठवड्यातून एक सकाळ दोघांनी मिळून बाहेर जायचे आणि त्या दिवशीच्या न्याहारीची व्यवस्था मुलगा-सुनेने किंवा बाजारातील खाकऱ्याने करायची, एवढा नियम घराने मान्य केला तर पुष्कळ साधेल.

रानात गेलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती न पाहिल्यासारखी करता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हिवाळ्यात पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या डोंगरी भागांतून चालताना कुलूपबंद घरांच्या रांगा लागतात. ओसरीवर म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. जी हवा फिरणाऱ्याला सुखद वाटते, त्याच हवेत त्या घरांतील धनी पहाटे उसाच्या फडात उभा असतो. पेढीवर तो उचलीच्या पैशातून खरेदी करणारा गिऱ्हाईक म्हणून ठाऊक असतो. त्याचे कुलूप मात्र पेढीवरून दिसत नाही. ओसरीवरच्या म्हाताऱ्याशी दोन घटका बोलणे, गावच्या शाळेला वह्या-पुस्तके लागतात का ते विचारणे, कोणाचे जुने येणे फिटण्यासारखे नसेल तर ते घरात बसून पुन्हा तपासणे, ही कामे त्या फिरस्तीतून आपोआप निघतात. रानाने एवढे शिकवले नाही तर पक्ष्यांची यादी कितीही लांब झाली तरी ती अपुरी आहे.

व्यवहाराच्या काही गोष्टी. गुडघ्याची तक्रार असेल तर धारूरच्या किल्ल्याचा मोह एकदम धरू नये. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला हा किल्ला बाहेरून पाहिला तरी तीन बाजूंच्या दऱ्यांची कल्पना येते. डोंगराळ भागात एकट्याने जाऊ नये. आष्टी तालुक्यात २०२० च्या अखेरीस बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती, हे विसरता कामा नये. वनखात्याच्या हद्दीत परवानगी घ्यावी, घरट्याजवळ जाऊ नये आणि पक्ष्याला उडवून छायाचित्र मिळवू नये. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी लांबची वाट धरू नये. सोबती हवाच असेल तर समोरच्या दुकानातला प्रतिस्पर्धी सर्वांत चांगला. चाळीस वर्षे त्याच्याशी भावाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलणे झालेले नसते.

आता येणे-जाणेही सोपे झाले आहे. कित्येक वर्षे केवळ निवडणुकीच्या भाषणांत धावणारी आगगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत पोहोचली. कड्याला, जेथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या संस्थांत जिल्ह्यातील कितीतरी मुले शिकली, तिचे स्थानक आहे. पुण्या-अहिल्यानगरात स्थायिक झालेल्या मुलांना आजोळच्या मातीकडे आणायला ही चांगली सबब आहे. नातवंडांना दुकान दाखवून झाले की पुढे काय दाखवायचे, हा प्रश्न पुष्कळ आजोबांपुढे असतो. खजाना विहिरीचे तीन जलमार्ग, पासोडीवरची अक्षरे, शाळूवर उतरलेला भोरड्यांचा थवा आणि पणजोबांच्या वहीतले हाली रुपये, हे सारे दाखवण्यासारखे आहे. मात्र दाखवणाऱ्याने ते आधी स्वतः पाहिलेले असले पाहिजे.

दिवाळीत वहीपूजनासाठी वह्या आणल्या जातात. हिशेब संगणकावर गेला तरी पूजेपुरती एक वही बहुतेक पेढ्यांत अजून येते. येत्या वर्षी त्या खरेदीत एक लहान वही जास्त घ्यावी. मुलाच्या वहीशेजारी तिलाही कुंकू लावावे आणि कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर पहिल्या मोकळ्या सकाळी तिच्यात तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे.